फिजीत कॉफी मागवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑकलंडहून तीन तास, सिडनीहून चार तास. त्यामुळे न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींना फिजी सुटीसाठी जवळचं पडतं. भारतातून जाणारे सिंगापूर किंवा हाँगकाँगवरून विमान बदलून नांदीला उतरतात. हॉटेल, बोट, स्नॉर्केलिंग सगळं आधी ठरलेलं असतं, पण सकाळची कॉफी हवी तशी मिळेल का, याची चौकशी कोणी केलेली नसते. ही माहिती त्यासाठी.

फिजीत चांगली कॉफी मिळते का?

मिळते, पण सगळीकडे नाही. नांदी, डेनाराऊ बंदर, सुवा आणि मोठे रिसॉर्ट इथे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या पद्धतीची, एस्प्रेसो मशीनवर (दळलेल्या कॉफीतून दाबाने गरम पाणी सोडून) केलेली कॉफी व्यवस्थित मिळते. लौतोका, सिगाटोका, लंबासा, सवुसवु या गावांतही शोधली की एखाद-दुसरी चांगली जागा सापडते. बाजारपेठेतल्या खाणावळी, बस स्टँड, लहान बेटांवरची गेस्टहाऊस इथे मात्र इन्स्टंट कॉफीच असते. हा देश मुळात चहा पिणारा आहे.

म्हणून दुकानाची पाटी वाचू नका, काउंटरच्या मागे बघा. मशीन दिसलं, शेजारी ग्राइंडर असला आणि दुधाचा स्टीलचा जग हाताशी असला, तर फ्लॅट व्हाइट मागा. फक्त इलेक्ट्रिक किटली आणि काचेची बरणी दिसली, तर तिथे लाटे-कॅपुचिनोची नावं काढण्यात अर्थ नाही. सरळ चहा घ्यावा.

नुसतं ‘एक कॉफी’ म्हटलं तर काय हातात येईल?

साध्या ठिकाणी: कपात चमचाभर इन्स्टंट पावडर, गरम पाणी, वर दुधाची पावडर किंवा थोडं टेट्रापॅकमधलं दूध, आणि न विचारता दोन चमचे साखर. भारतीय वंशाच्या माणसाची खाणावळ असेल तर बऱ्याचदा दुधातच उकळलेली, आपल्याकडच्या इराण्याच्या कॉफीची आठवण करून देणारी गोड कॉफी येते. ती वाईट नसते, पण एस्प्रेसोच्या अपेक्षेने घेतली तर निराशा ठरलेली.

मशीन असलेल्या कॅफेत नुसतं ‘कॉफी’ म्हटलं तर उलट प्रश्न येईल: कुठली? इथे नाव सांगावंच लागतं.

मेन्यूवरच्या नावांत फरक काय?

यादी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कॅफेत बसणाऱ्यालाही दोन-तीन ठिकाणी अडखळायला होतं.

फ्लॅट व्हाइट म्हणजे एस्प्रेसोवर ओतलेलं, अगदी बारीक फेसाचं गरम दूध. कप लहान, साधारण १६० ते २०० मिलिलिटरचा, आणि फेसाचा थर जेमतेम अर्धा सेंटिमीटर. कॉफीची चव दुधातून वर यायला हवी असेल तर हीच मागा. लाटेत दूध जास्त, ती बहुतेक वेळा काचेच्या ग्लासात येते. कॅपुचिनोवर जाड फेस आणि त्यावर भुरभुरलेली चॉकलेट पावडर. पावडर नको असेल तर आधीच सांगा, नंतर काढता येत नाही.

शॉर्ट ब्लॅक म्हणजे एस्प्रेसो, साधारण ३० मिलिलिटर. लाँग ब्लॅकमध्ये आधी गरम पाणी घेतात आणि त्यावर एस्प्रेसो सोडतात, म्हणजे वरची तपकिरी साय टिकते. अमेरिकानोत हाच क्रम उलटा. ‘ब्लॅक कॉफी’ एवढंच म्हटलं तर मशीन असलेल्या ठिकाणीसुद्धा कधीकधी इन्स्टंट पुढे येते, तेव्हा ‘लाँग ब्लॅक’ असंच म्हणा.

सर्वाधिक फसगत होते ती आइस्ड कॉफीत. आपल्याला बर्फ घातलेली कॉफी अपेक्षित असते. तिथे या नावाखाली उंच ग्लासात थंड दूध, कॉफी, आइसक्रीमचा गोळा आणि वर क्रीम येतं. उन्हात फिरून आल्यावर मुलं ते आवडीने संपवतात, पण ती मिठाई झाली. नुसती थंड कॉफी हवी असेल तर ‘आइस्ड लाटे’ किंवा ‘आइस्ड लाँग ब्लॅक’ म्हणा आणि ‘आइसक्रीम नको’ हे जोडा.

कॉफी कोमट लागते. परत द्यावी का?

बिघडलेली नसते. मशीनवर दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवतात, कारण त्या तापमानाला ते गोड लागतं आणि फेस मऊ राहतो. आपल्याला उकळी फुटलेल्या दुधाची सवय, त्यामुळे ते कोमट वाटतं. मागवतानाच ‘एक्स्ट्रा हॉट’ म्हणा, ७० अंशांच्या आसपास दूध मिळेल. त्याहून वर गेलं की दुधाला करपट वास येतो आणि फेस बसतो, म्हणून चांगला बरिस्ता तिथेच थांबतो. दिलेली कॉफी पुन्हा मशीनवर तापवून मागू नका, चवीची पार वाट लागते. एसीच्या कॅफेत कागदी कपात मागितली तर झाकणामुळे ती चिनी मातीच्या रुंद कपापेक्षा जास्त वेळ गरम राहते. एवढा उपाय पुरतो.

साखर वेगळी का दिसते?

फिजी उसाचा देश आहे. लौतोका आणि लंबासा इथे कारखाने आहेत आणि तिथे कच्ची, तपकिरी साखर बनते. घरांत आणि खाणावळींत तीच. दाणा जाडसर, किंचित ओलसर, काकवीचा हलका वास असलेला. गरम कॉफीत ती छान लागते, फक्त पांढऱ्या साखरेपेक्षा जास्त वेळ ढवळावी लागते. न ढवळता प्यायलात तर शेवटच्या घोटात सगळी तोंडात येते. थंड कॉफीत ती सहज विरघळत नाही. त्यामुळे आइस्ड लाटे गोड हवी असेल तर एस्प्रेसो गरम असतानाच साखर घालायला सांगा, किंवा सिरप मागा.

साध्या ठिकाणी साखर गृहीत धरलेली असते. मधुमेह असेल तर पैसे देतानाच ‘नो शुगर’ स्पष्ट सांगा. कॉफी, दूध पावडर आणि साखर अशा तीन-एकत्र पाकिटांत साखर आधीच मिसळलेली असते, तिथे ‘कमी घाला’ म्हणून काही होत नाही.

दूध कसलं असतं?

बहुतेक ठिकाणी टेट्रापॅकमधलं, जास्त टिकणारं. ताजं दूध सगळीकडे नसतं. अतितापमानावर प्रक्रिया केलेल्या या दुधाला शिजल्यासारखी थोडी गोडसर चव असते. पहिल्या घोटाला जाणवते, मग सवय होते. सोया आणि बदाम दूध नांदी-सुवाच्या कॅफेंत बहुधा मिळतं, ओट दूध त्याहून कमी ठिकाणी. सगळ्यांचे वेगळे पैसे पडतात. लहान बेटांवर यातलं काही मिळेल असं धरू नका. दूध वर्ज्य असणाऱ्यांनी स्वतःचं छोटं पाकीट नांदीच्या सुपरमार्केटमधून घेऊन मगच बोटीत बसावं.

कॅफेत गेल्यावर क्रम काय असतो?

बहुतेक ठिकाणी आधी काउंटरवर जाऊन मागवायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. टेबलावर बसून वेटरची वाट बघत राहिलात तर बराच वेळ कोणी फिरकणार नाही. मागवल्यावर आकड्याची पाटी देतात, ती टेबलावर ठेवायची, कॉफी तिथे येते. चार गोष्टी एका दमात सांगा: किती, कुठली, रेग्युलर की लार्ज, इथे की टेकअवे. साखरेचं किंवा दुधाचं काही असेल तर ते शेवटी.

घाई करू नका. ‘फिजी टाइम’ हा शब्द तिथलेच लोक हसत हसत वापरतात. पाच जणांच्या कुटुंबाने पाच वेगवेगळी पेयं मागवली तर पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. बस किंवा बोट गाठायची असेल तर सगळ्यांनी एकच पेय घ्यावं, किंवा ब्लॅक घ्यावी. दुधाचं तापवणं वाचलं की निम्मा वेळ वाचतो.

२०२० पासून प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या पिशव्यांवर आणि २०२१ पासून थर्माकोलच्या भांड्यांवर बंदी आहे, त्यामुळे टेकअवे कागदी कपात येते. स्वतःचा कप पुढे केला तर बहुतेक कॅफे त्यात भरून देतात.

हिंदी चालते का?

चालते, पण समोर कोण आहे ते बघून. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून अधिक भारतीय मजूर गिरमिटावर, म्हणजे कराराने, फिजीत नेले गेले. पहिलं जहाज लिओनिडास. बहुसंख्य मजूर आजच्या उत्तर प्रदेश-बिहारचे, नंतरच्या वर्षांत दक्षिणेतलेही. त्यांची अवधी-भोजपुरी वळणाची फिजी हिंदी आज घराघरांत बोलली जाते. हिंदी सिनेमा सगळे बघतात, त्यामुळे तुमची मुंबईची हिंदीही कळते. ‘एक कॉफी देना भैया, चीनी नहीं डालना’ एवढं पुरे. उत्तरात ‘तुम’ आलं तर राग मानू नका. तिथे ‘आप’ फारसं वापरत नाहीत, त्यात अनादर नसतो.

समोर मूळ फिजियन म्हणजे इतौकेई व्यक्ती असेल तर सुरुवात ‘बुला’ने करा. दुकानात शिरल्यावर आधी ‘बुला’, मग ऑर्डर. थेट ऑर्डर सोडणं उद्धट वाटतं. कॉफीला ‘कोफी’, चहाला ‘टी’, साखरेला ‘सुका’, दुधाला ‘सुथु’. ‘दुआ ना कोफी’ म्हणजे एक कॉफी. शेवटी ‘विनाका’, म्हणजे आभार. हे जमलं नाही तरी अडत नाही, इंग्रजी सगळीकडे चालते.

खर्च किती? कार्ड चालतं का?

एक फिजी डॉलर साधारण चाळीस रुपयांच्या आतबाहेर असतो. खाणावळीत इन्स्टंट कॉफी दोन-तीन डॉलरला, शहरातल्या कॅफेत फ्लॅट व्हाइट साधारण सहा ते नऊ डॉलरला, रिसॉर्टमध्ये त्याहून वर. म्हणजे रिसॉर्टवर चौघांची दोन वेळची कॉफी दिवसाला सहज दोन-तीन हजार रुपयांवर जाते. हा हिशेब निघण्याआधी घरात करून ठेवलेला बरा.

मेन्यूवर किंवा पावतीवर ‘व्हीआयपी’ दिसलं तर दचकू नका. तिथे त्याचा अर्थ किमतीत व्हॅट धरलेला आहे एवढाच. ‘व्हीईपी’ असेल तर कर वेगळा लागणार.

कॅफे, मॉल, रिसॉर्ट इथे व्हिसा-मास्टरकार्ड चालतं. काही ठिकाणी कार्डावर वेगळा आकार किंवा किमान रकमेची अट असते, आणि ती यंत्राच्या शेजारी चिठ्ठीवर लिहिलेली असते. यंत्राने ‘रुपयांत की फिजी डॉलरमध्ये’ विचारलं तर फिजी डॉलर निवडा, रुपयांत केलेलं रूपांतर जवळपास नेहमी महाग पडतं. यूपीआयवर भिस्त ठेवू नका. स्थानिक लोक एम-पैसा हे मोबाइल वॉलेट वापरतात, पण आठवडाभराच्या पाहुण्याला त्याची गरज नाही. बाजार, बस स्टँड, छोट्या दुकानांसाठी ५ आणि १० डॉलरच्या नोटा जवळ हव्यात. सकाळी सात वाजता १०० ची नोट पुढे केली तर सुटे नसतात.

टीप द्यायची का?

प्रथा नाही. रिसॉर्टमध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी एक पेटी असते, द्यायचं असेल तर निघताना त्यात.

संध्याकाळी किंवा रविवारी कॉफी मिळेल?

इथेच बहुतेकांची पंचाईत होते. कॅफे सकाळी सात-आठला उघडतात आणि चार-पाचला बंद होतात. बंद होण्याच्या अर्धा तास आधी मशीन धुवायला घेतात, त्यामुळे साडेचारला पोहोचूनही ‘मशीन ऑफ’ हे उत्तर येऊ शकतं. आपल्या संध्याकाळच्या कॉफीची वेळ नेमकी तीच! त्यानंतर पर्याय मॉल, हॉटेलची लॉबी आणि डेनाराऊसारखा पर्यटकांचा भाग.

रविवार चर्चचा. सुवामध्येसुद्धा बरीच दुकानं बंद किंवा अर्धा दिवस असतात, लहान गावांत तर शुकशुकाट. शनिवारीच ब्रेड, दूध आणि कॉफीचं पाकीट आणून ठेवावं.

मामानुदा आणि यासावा बेटांवर काय परिस्थिती?

डेनाराऊहून बोट सुटते. बोटीवर खाण्यापिण्याचा छोटा काउंटर असतो, पण चांगली कॉफी बंदरावरच पिऊन चढा. समुद्र खवळलेला असेल तर दुधाची कॉफी टाळलेली बरी.

बऱ्याच बेटांवर बाहेर जेवायला जागाच नसते, म्हणून तिन्ही जेवणांचं पॅकेज सक्तीचं असतं. त्यात न्याहारीच्या वेळी थर्मासमधली किंवा प्लंजरमधली (जाळीचा दट्ट्या दाबून गाळायच्या भांड्यातली) कॉफी धरलेली असते. मशीनवरची कॉफी बारमधून, तिचे पैसे वेगळे, आणि ते खोलीच्या बिलावर चढतात. बुकिंगच्या वेळी एकच प्रश्न विचारा: ‘एस्प्रेसो कॉफी मील प्लॅनमध्ये आहे का?’ नुसतं ‘कॉफी आहे का’ विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं आणि ते खोटंही नसतं.

छोट्या बेटांवर वीज जनरेटर किंवा सौरऊर्जेवर असते. काही ठिकाणी दुपारी किंवा रात्री ती बंद ठेवतात, तेव्हा किटली आणि मशीन दोन्ही थंड.

खोलीत स्वतः करायची तर काय न्यावं?

बहुतेक खोल्यांत किटली, इन्स्टंटची पाकिटं आणि दुधाच्या इवल्या डब्या असतात. वीज २४० व्होल्टची, पण सॉकेट ऑस्ट्रेलियन धर्तीचं, तिरप्या चपट्या पिनांचं. भारतीय प्लग बसत नाही, अडॅप्टर न्या.

प्लंजर मिळाला तर २५० मिलिलिटर पाण्याला १५ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, म्हणजे तीन सपाट मोठे चमचे. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबून ओता, चार मिनिटांनी दाबा आणि लगेच सगळी कपांत काढा. भांड्यात तशीच ठेवली तर गाळात मुरत राहते आणि कडू होते. एस्प्रेसोसाठी बारीक दळलेली पावडर प्लंजरमध्ये घालू नका, जाळीतून निसटून कपात चिखल होतो आणि दाबताना गरम पाणी उडतं.

घरच्या फिल्टर कॉफीशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्यांनी छोटा स्टीलचा फिल्टर न्यावा. २० ग्रॅम चिकोरी मिसळलेली पावडर, १०० मिलिलिटर उकळतं पाणी, वीस मिनिटांत दोघांपुरता डिकॉक्शन. अडचण दुधाची. किटलीत दूध उकळू नका, तळाला करपतं, उतू जातं आणि हॉटेल किटलीचे पैसे लावतं. त्याऐवजी सुपरमार्केटमधून ‘रेवा’ची दूध पावडर घ्या. १५० मिलिलिटर गरम पाण्यात २० ग्रॅम, आधी थोड्या पाण्यात पेस्ट करून मग उरलेलं पाणी. थेट घातली तर गुठळ्या होतात.

सामान नेताना भाजलेली, दळलेली, कंपनीचं सील असलेली कॉफीच न्या आणि आगमनाच्या अर्जावर खाण्याचे पदार्थ ‘आहेत’ असं लिहा. हिरव्या, न भाजलेल्या बिया, सुटी पावडर, खवा-पेढे नेऊ नका. जैवसुरक्षेची तपासणी कडक असते. लपवलं तर दंड, सांगितलं तर फार तर वस्तू काढून घेतात.

पाणी प्यायला चालतं का?

नांदी-सुवासारख्या शहरांत नळाचं पाणी एरवी चालतं. जोरदार पावसानंतर किंवा वादळानंतर मात्र उकळूनच प्या. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम, त्यात वीज आणि पाणी दोन्ही जाऊ शकतं. कॉफीला उकळलेलंच पाणी लागतं, धोका असतो तो आइस्ड कॉफीतल्या बर्फाचा. बर्फ कुठल्या पाण्याचा, ते विचारायला संकोच नको.

फिजीत कॉफी पिकते का?

पिकते, थोडी. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या मळेवाल्यांनी इथे कॉफीची लागवड केली होती. सिलोनच्या मळ्यांचा घास घेणारा पानांवरचा तांबेरा इथेही पोहोचला, मळे बसले आणि साखरेने जागा घेतली. काही झाडं डोंगराळ भागात रानात वाढत राहिली. गावकऱ्यांनी वेचलेल्या अशा कॉफीवर ‘बुला कॉफी’ हा स्थानिक ब्रँड उभा राहिला. कॅफेत वापरल्या जाणाऱ्या बिया मात्र बऱ्याचदा आयात केलेल्या असतात. ‘फिजीत भाजलेली’ आणि ‘फिजीत पिकलेली’ या दोन वेगळ्या गोष्टी. पाकिटावर दुसरं लिहिलंय का ते बघा.

सोबत शाकाहारी काय मिळेल?

‘पाय’ (pie) या सारण भरून भाजलेल्या पदार्थात बहुधा मांस असतं, न विचारता घेऊ नका. बटाट्याच्या किंवा वांग्याच्या भाजीचं रोटी पार्सल, हॉट ब्रेड किचनसारख्या बेकरीतले क्रीम बन, आणि भारतीय दुकानांतला भुजा, म्हणजे आपला चिवडा-फरसाण, हे निर्धास्त. अंडं न खाणाऱ्यांनी केक आणि कस्टर्ड पाय सोडून द्यावेत.

गावभेटीला गेल्यावर कॉफी मागावी का?

मागू नये. फिजियन गावात पाहुण्याने यांगोना म्हणजे कावा या झुडपाची मुळं भेट द्यायची आणि मग पाण्यात कालवलेलं तिचं पेय वाटीतून सगळ्यांबरोबर प्यायचं, अशी रीत आहे. टाळी, ‘बुला’, एका घोटात वाटी रिकामी, मग पुन्हा टाळ्या. यांगोनात कॅफिन नसतं. उलट जीभ बधिर होते आणि अंग सैलावतं. त्यामुळे ती प्यायल्यावर गाडी चालवू नका, आणि झोपेच्या गोळ्या किंवा यकृताची औषधं चालू असतील तर नम्रपणे नाही म्हणा. घरी बोलावलं तर बहुधा लिंबाच्या पानांचा चहा येईल. तो तसाच, बिनदुधाचा प्या. कॅफेत कुठे मिळेल याची खात्री नसते.

परत येताना कॉफी कशी आणावी?

दळलेली नव्हे, अख्ख्या बिया घ्या, आणि पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. सहा आठवड्यांपेक्षा जुनं पाकीट नको. सुवाची हवा दमट, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यामुळे फोडलेलं पाकीट तीन-चार दिवसांत वास सोडतं. तिथे फोडू नका. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये राहत असाल तर परतताना अर्जावर नोंद करावीच लागते. भारतात येणाऱ्यांना सीलबंद भाजलेल्या एक-दोन पाकिटांची सहसा अडचण येत नाही. विमानतळावर तेच पाकीट शहरातल्या सुपरमार्केटपेक्षा महाग असतं, म्हणून खरेदी आदल्या दिवशीच उरका, आणि तो दिवस रविवार नाही ना ते बघा.